म्हातारा बिफ २०१५ मध्ये परतला कसा?

टाइम ट्रॅव्हलच्या सिनेमात चूक काढण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते: या सिनेमात भूतकाळ बदलतो का? याची उत्तरं तीनच. एक, बदलत नाही. प्रवासी मागे गेला हे आधीच इतिहासात धरलेलं असतं. १९८४चा पहिला ‘टर्मिनेटर’ असा आहे. दोन, काळाची रेषा एकच आणि ती पुसून नव्याने लिहिली जाते. हा ‘बॅक टू द फ्यूचर’चा, म्हणजे बिफ ज्यात आहे त्या मालिकेचा, मार्ग. तीन, प्रत्येक बदलाला नवी फांदी फुटते आणि जुनी जशीच्या तशी राहते. मराठी वाचकाला ही तिसरी कल्पना नवी नाही. जयंत नारळीकरांच्या कथेतल्या गंगाधरपंतांना पानिपत जिंकलेला महाराष्ट्र दिसतो तो असाच, शेजारच्या फांदीवर.

तिन्ही नियम आपापल्या जागी चालतात. घोळ होतो तो सीक्वेलमध्ये, कारण पहिल्या भागाचा नियम सोडून दुसरा भाग गुपचूप वेगळ्याच नियमावर चालायला लागतो.

तपासायला कागदावर चार रकाने पुरतात: प्रवासी कोण, निघाला कधी, पोचला कधी आणि त्याच्या स्वतःच्या घड्याळात किती वेळ गेला. घटना पडद्यावरच्या क्रमाने लिहायच्या नाहीत, प्रवाशाच्या घड्याळाच्या क्रमाने लिहायच्या. शेजारी, पात्रांनी तोंडाने सांगितलेले नियम जसेच्या तसे. मग सिनेमाने जे फक्त सांगितलेलं नाही आणि जे स्वतःच खोडलं आहे, ते वेगळं करायचं. खरा प्लॉट होल, म्हणजे कथेतलं भोक, फक्त दुसरा.

आता ‘बॅक टू द फ्यूचर भाग दोन’ (१९८९). तरुण मार्टी आणि त्याचा शास्त्रज्ञ मित्र डॉक १९८५हून २१ ऑक्टोबर २०१५ला येतात. मार्टीच्या घरच्यांना छळणारा बिफ आता म्हातारा आहे. तो त्यांची डीलोरियन, म्हणजे काळात फिरणारी मोटार, चोरतो, १२ नोव्हेंबर १९५५ला जाऊन तरुण बिफला खेळांच्या निकालांचं पुस्तक देतो आणि गाडी २०१५ मध्ये आणून ठेवतो. दोघं १९८५ला परततात तर त्या पुस्तकावरून पैजा जिंकलेल्या बिफचं गावावर राज्य. डॉक फळ्यावर रेघ काढून सांगतो की १९५५ मध्ये रेषा वळली आहे, इथून २०१५ला गेलो तर या बिघडलेल्या काळाचं २०१५ मिळेल, म्हणून दुरुस्ती १९५५ मध्येच करायची. हा नियम बिफला लावून बघा. पुस्तक देऊन तो १९५५हून निघाला तेव्हा रेषा वळलेलीच होती. त्याला बिघडलेलं २०१५ मिळायला हवं होतं, जिथे गाडीची वाट बघणारे मार्टी आणि डॉक नसतील. तो मात्र बरोबर जुन्याच २०१५ मध्ये उतरतो. फळ्यावरचं चित्र आणि बिफचा प्रवास एकमेकांशी जुळत नाहीत.

ठिगळ पहिल्याच भागात सापडतं. तिथे १९५५ला गेलेल्या मार्टीमुळे त्याच्या आईबापांचं जुळणंच धोक्यात येतं. त्याच्या खिशातल्या भावंडांच्या फोटोतून आधी भाऊ पुसट होतो, मग बहीण, शेवटी तो स्वतः, आणि याला काही दिवस लागतात. म्हणजे बदल एका झटक्यात होत नाही, तो लाटेसारखा पुढे सरकतो. १९५५हून निघालेल्या लाटेला १९८५ गाठायला तीस वर्षं ओलांडायची आहेत, २०१५ गाठायला साठ. म्हणून दोघं परततात तेव्हा १९८५ बदललेलं आहे आणि बिफ परतला तेव्हा २०१५ अजून बदललेलं नव्हतं. माझ्या मते हे उत्तर टिकतं. दोन पुरावे आहेत. परतलेला बिफ छाती धरून कळवळतो, आणि तो विरून नाहीसा होतो असं दृश्य चित्रितही झालं होतं, अंतिम सिनेमातून ते काढलं. दुसरं, बिघडलेल्या १९८५ मध्ये मार्टीची मैत्रीण जेनिफर हिला बेशुद्ध अवस्थेत घराच्या ओसरीवर सोडलं तरी काळजी नाही, काळ दुरुस्त झाला की तिच्याभोवतीचं जग बदलेल, असं डॉक स्वतः सांगतो.

दुसरं भोक बुजवणं जास्त अवघड. पहिल्या भागात डॉकचा कुत्रा आइन्स्टाइन २६ ऑक्टोबर १९८५ला पहाटे १:२० वाजता निघतो आणि १:२१ला उगवतो. त्याच्या गळ्यातलं घड्याळ डॉकच्या घड्याळापेक्षा बरोबर एक मिनिट मागे आहे. त्या मिनिटात कुत्रा जगात कुठेच नव्हता. म्हणजे पुढे उडी मारणारा मधल्या काळात गैरहजर असतो. त्याच दिवशी सकाळी मार्टी आणि जेनिफर डॉकबरोबर २०१५ला जातात. मग मधली तीस वर्षं ते दोघं नाहीत, त्यांचं लग्न नाही, आणि ज्यांना वाचवायला निघाले ती मुलंही नाहीत. तरी तिथे ४७ वर्षांचा मार्टी भेटतो! डॉक आधी एकटा गेला तेव्हा मुलं दिसली हे चालतं, कारण तेव्हा मार्टी १९८५ मध्येच होता. पुढचं पटवायचं तर त्यांच्या गैरहजेरीची लाट अजून पोचलेली नाही, किंवा २०१५ने त्यांचं परतणं आधीच धरलं आहे, असं मानावं लागतं. सिनेमा दोन्हीपैकी काहीच म्हणत नाही.

हे का झालं ते उघड आहे. पहिला भाग संपवताना दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस आणि सहलेखक बॉब गेल यांच्या डोक्यात सीक्वेल नव्हता. गाडी उडते तो शेवट गंमत म्हणून होता, ‘पुढे चालू’ची पाटी नंतर व्हिडिओ कॅसेटवर आली. जेनिफर गाडीत बसली होती म्हणून दुसऱ्या भागात तिला सुरुवातीलाच बेशुद्ध करावं लागलं.

दुसरा आणि तिसरा भाग एका दमात चित्रित झाले, म्हणून तिसरा घट्ट विणलेला आहे. डॉक १८८५ मध्ये अडकतो, त्याला आणायला मार्टी तिथे जातो आणि त्याच्या गाडीची पेट्रोलची नळी फाटते. लोक विचारतात, डॉकने खाणीत लपवलेल्या दुसऱ्या डीलोरियनमधून नळी का काढत नाहीत? ती दुसरी गाडी नाहीच! तीच गाडी १९५५ मध्ये खाणीतून काढून, दुरुस्त करून मार्टी १८८५ला आला. तिचा एक भाग काढला तर १९५५ मध्ये तो भाग नसेल. पेट्रोल तेवढं काढता आलं असतं, कारण ते १९५५ मध्ये नवं भरता येतं. पण सत्तर वर्षं ठेवायच्या गाडीत डॉकने पेट्रोल सोडलं असेल असं वाटत नाही.

‘टर्मिनेटर’ची गोष्ट वेगळी, तिथे नियमच बदलला. पहिल्या भागात यंत्रांविरुद्ध लढणारा नेता जॉन कॉनर २०२९हून काइल रीस या सैनिकाला मागे पाठवतो आणि तोच जॉनचा बाप होतो, वर्तुळ पूर्ण. १९९१च्या दुसऱ्या भागात जॉन आणि त्याची आई यंत्रांनी घडवायचा २९ ऑगस्ट १९९७चा विनाश टाळायला निघतात. टळला, तर काइलला मागे पाठवणार कोण आणि जॉन जन्मणार कसा? शिवाय जिवंत कातडी असल्याशिवाय यंत्रातून काही जात नाही असं काइलने सांगितलं होतं. दुसऱ्या भागात जॉनला मारायला आलेला यंत्रमानव टी-१००० नुसता द्रव धातू आहे. तो कसा आला ते सिनेमा सांगत नाही. तिसऱ्या भागात (२००३) तर दुसऱ्या भागातला दहा वर्षांचा जॉन तेव्हा तेराचा होता असं येतं. ती साधी बेपर्वाई आहे, तर्काशी संबंध नाही.

फांद्यांचा नियम घेतलेल्या ‘अॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्येही (२०१९) शेवटी वाद उरतोच. भूतकाळात गेल्याने आपलं वर्तमान बदलत नाही असं ब्रूस (हल्क) सांगतो, आणि भूतकाळात गेलेला स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) म्हातारा होऊन तळ्याकाठच्या बाकावर बसलेला दिसतो. पटकथाकारांच्या मते तो याच काळात जगून म्हातारा झाला. दिग्दर्शकांच्या मते तो दुसऱ्या फांदीवर जगून परत आला. ब्रूसचं वाक्य धरलं तर मला दिग्दर्शकांचं पटतं. मात्र मग तो, सगळे काळयंत्राच्या बटणाकडे डोळे लावून उभे असताना, यंत्राच्या प्लॅटफॉर्मवर न उतरता बाकावर कसा पोचला, हे त्यांनी दाखवायला हवं होतं.