सीआरपी उतरले, तरी अन्ननलिकेची तपासणी का थांबवली नाही

सोलापूरच्या पूर्व भागात चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांच्या आसपास सूत रंगवण्याचे काम चालते. व्हॅट रंग पाण्यात विरघळावेत म्हणून त्या कामात हायड्रोस या रसायनाबरोबर कॉस्टिक सोडा ही तीव्र अल्कली लागते, आणि त्याचे द्रावण पाण्यासारखेच नितळ दिसते. एका परिचितांच्या घरी शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले ते द्रावण माझा तीन वर्षांचा भाचा प्यायला. पुढे रुग्णालयात आणि त्यानंतरच्या तपासण्यांना मी बहिणीबरोबर राहिलो. रक्ताच्या अहवालांतील आकड्यांचा, विशेषतः दाह दाखवणाऱ्या सीआरपीचा, किती आधार घ्यावा, हा प्रश्न त्या सगळ्या काळात आमच्यासमोर होता, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

शेजाऱ्यांनी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायला सुचवले होते. बहिणीने ते होऊ दिले नाही आणि ते योग्यच झाले, कारण ओकारीबरोबर तेच द्रावण अन्ननलिकेतून दुसऱ्यांदा वर येते. लिंबाचा रस पाजणेही टाळायचे असते. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता निर्माण होते. मुलाचे ओठ किंचित लाल होते आणि तोंडात मोठी जखम दिसत नव्हती, त्यामुळे नातेवाइकांना धीर आला. परंतु तोंड स्वच्छ दिसले तरी अन्ननलिका भाजलेली असू शकते, असे डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट केले. आम्ल ऊतींवर मृत थर गोठवते आणि तो थर त्याला काही अंशी अडवतो, तर कॉस्टिकसारखी अल्कली ऊती विरघळवत खोल उतरते.

पहिल्या २४ तासांतच भूल देऊन एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने अन्ननलिकेची आतून तपासणी, झाली. जखमेची श्रेणी ठरवण्यासाठी जगभर वापरले जाणारे वर्गीकरण चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील डॉ. झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली मांडले. आमच्या मुलाची श्रेणी २ब निघाली, म्हणजे व्रण खोल होते आणि नळीच्या जवळजवळ संपूर्ण घेराभोवती पसरलेले होते. २अ श्रेणीची जखम बहुधा मागे आकुंचन न ठेवता भरून येते. २ब आणि तिच्या पुढच्या श्रेणींत अन्ननलिका आकसण्याचा धोका बराच मोठा असतो. त्याच वेळी, आतले दिसत असताना, नाकातून पोटापर्यंत आहारनळी टाकण्यात आली. अशा मुलाला आंधळेपणाने नळी घालायची नसते, कारण मऊ पडलेल्या अन्ननलिकेला छिद्र पडू शकते.

आता रक्ताविषयी. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. दाह सुरू झाल्यावर साधारण सहा तासांनी ते वाढू लागते आणि दोन दिवसांच्या सुमारास शिखर गाठते. म्हणूनच दाखल करतानाचा अहवाल जवळजवळ सामान्य होता आणि तो पाहून घरातल्या ज्येष्ठांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. पुढे तोच आकडा शंभराच्या वर गेला. पांढऱ्या पेशी आणि त्यांच्यातील न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या दोन प्रकारांचे गुणोत्तरही वाढले. येथे पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अहवालावर बहुतेक वेळा प्रौढांची मर्यादा छापलेली असते. लहान मुलांच्या पांढऱ्या पेशी मुळातच अधिक असतात आणि तीन वर्षांच्या निरोगी मुलात लिम्फोसाइट बरेचदा न्यूट्रोफिलच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त असतात, त्यामुळे प्रौढांसाठीचे गुणोत्तर त्यांना जसेच्या तसे लावता येत नाही. शिवाय नुसत्या रडण्याने आणि ताणानेही पेशी वाढतात.

खोल जखमांत हे आकडे सर्वसाधारणपणे अधिक चढतात, पण सौम्य आणि गंभीर जखमांच्या आकड्यांमध्ये इतकी सरमिसळ असते की एन्डोस्कोपीऐवजी त्यांच्यावर विसंबता येत नाही. त्यांचा खरा उपयोग मी मधल्या काळात पाहिला. उतरणीला लागलेले सीआरपी एकाएकी पुन्हा वाढले आणि ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला. छिद्र पडलेले नव्हते, परंतु लाळ श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला संसर्ग झाला होता. प्रतिजैविक बदलल्यावर आकडा झपाट्याने उतरला. दाहाचे कारण दूर झाले की रक्तातील सीआरपी सुमारे १९ तासांत निम्मे होते, म्हणून एकट्या आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक बोलकी ठरते.

घरी सोडताना सीआरपी सामान्य होते. मूल वरणाचे पाणी आणि पेज घेत होते, आणि आता आणखी तपासण्या कशाला, असे घरात बोलले जाऊ लागले. मला ही वेळ सर्वांत नाजूक वाटते. दाह ओसरल्यानंतर जखमेत कोलॅजन साठू लागते आणि व्रण आकसत जातो. ही क्रिया तिसऱ्या आठवड्यापासून पुढे कित्येक आठवडे चालते आणि तिचा मागमूस सीआरपीत दिसत नाही. ठरल्याप्रमाणे तीन आठवड्यांनी बेरियमची तपासणी, म्हणजे बेरियमचे द्रावण पाजून एक्स-रे, केली, तेव्हा अन्ननलिकेच्या मधल्या भागात आकुंचन सुरू झालेले दिसले. त्या वेळी मुलाची तक्रार एवढीच होती, की घास तो बराच वेळ तोंडात धरून ठेवत असे.

आकुंचन टाळण्यासाठी स्टेरॉइड का देत नाही, असे मीच विचारले होते. ६० मुलांवर केलेला आणि १९९० साली प्रसिद्ध झालेला नियंत्रित अभ्यास त्यांचा उपयोग दाखवू शकला नाही. पुढे २ब श्रेणीत थोड्या दिवसांच्या मोठ्या मात्रेचा फायदा दाखवणारा अभ्यासही आला, परंतु आमच्या मुलाला फुप्फुसाचा संसर्ग असल्याने डॉक्टरांनी तो मार्ग घेतला नाही. त्यांचे कारण मला पटले.

आता बलूनने अन्ननलिका रुंद करण्याचे उपचार चालू आहेत. प्रत्येक वेळी भूल द्यावी लागते आणि छिद्र पडण्याचा थोडा धोका पत्करावा लागतो, पण दोन उपचारांमधले अंतर वाढत चालले आहे. कडक भाकरी अजून दूर आहे. दुधात कुस्करलेली मऊ भाकरी तो खातो आणि वजन पुन्हा वाढू लागले आहे. अशा व्रणात कित्येक दशकांनंतर कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांपेक्षा अधिक राहतो, म्हणून पहिल्या एन्डोस्कोपीचा अहवाल, बेरियमच्या फिल्म आणि प्रत्येक वेळी वापरलेल्या बलूनचा आकार बहिणीने एका स्वतंत्र फाइलमध्ये नोंदवून ठेवला आहे. तो मोठा झाल्यावर त्याच्या डॉक्टरांना ही माहिती लागेल.