आमची वाटचाल : अठरा डॉलर कुठे गेले?

"या वेळीही अठरा कमी आलेत."

आमच्या डिझायनरचा हा निरोप सलग तिसऱ्या महिन्यात आला, तेव्हा आधी मला तिचाच राग आला. आम्ही पूर्ण हजार डॉलर पाठवले होते, बँकेची पावती माझ्यासमोर होती. तिनं तिच्या खात्याचा उतारा पाठवला. जमा ९८२. म्हणजे दोघंही खरं बोलत होतो.

आमची फर्म चार माणसांची, आणि परदेशातून काम करणारे सहा जण. पैसे पाठवणं हे अकाउंट्सचं काम समजून दोन वर्षं मी त्यात लक्षच घातलं नव्हतं. या अठरा डॉलरांनी घालायला लावलं.

स्विफ्ट म्हणजे बँकांचं एकमेकींना निरोप पाठवायचं आंतरराष्ट्रीय जाळं. त्यावरून पैसे जात नाहीत, फक्त निरोप जातो, हे मला तेव्हा कळलं. पैसे बँकांच्या एकमेकींकडे असलेल्या खात्यांतून सरकतात. दोन बँकांचा थेट व्यवहार नसेल तर मधे तिसरी येते, कधी चौथीही, आणि ती आपली वजावट करून उरलेली रक्कम पुढे सोडते. हा खर्च कोणी सोसायचा, याचे फॉर्मवर तीन पर्याय असतात: अवर (सगळा पाठवणाऱ्याचा), शा (दोघांत वाटून) आणि बेन (सगळा घेणाऱ्याचा). आमची टिक सवयीनं 'शा'वर पडत होती, म्हणजे मधल्या बँकांचा खर्च तिच्या पैशांतून जायचा. आम्ही 'अवर' केलं. आमची फी थोडी वाढली, पण तिची तक्रार थांबली.

खरी गळती मात्र दुसरीकडेच होती. फी पावतीवर छापलेली असते, म्हणून ती डोळ्यांवर येते. चलन बदलताना बँक दरातून जी कमाई करते, ती कुठेच छापलेली नसते. अकाउंट्सच्या ताईंना मी शीटमध्ये एक रकाना वाढवायला सांगितला: चलन बदललं त्या वेळचा मिड-मार्केट दर, म्हणजे बाजारातल्या खरेदी आणि विक्रीच्या बरोबर मधला. तीन महिन्यांनी या दरात आणि आम्हाला मिळालेल्या दरात फरक निघाला अडीच टक्के. महिन्याला सहा हजार डॉलर जात होते, म्हणजे दीडशे डॉलर नुसते दरात. सगळ्या फीची बेरीज त्याच्या निम्मीही नव्हती. मधे एकदा 'शून्य कमिशन' म्हणणारी एक सेवा वापरून पाहिली होती, तिची ओळ शीटमध्ये सगळ्यात वाईट निघाली.

त्याच शीटनं आमचा वेडेपणाही दाखवला. आमचे दोन ग्राहक डॉलरमध्ये पैसे देतात. ते आले की आम्ही लगेच आपल्या चलनात वळवायचो, आणि पंधरा दिवसांनी काम करणाऱ्यांसाठी पुन्हा डॉलर विकत घ्यायचो! एकाच पैशावर दोनदा तूट. आता परकीय चलनाच्या खात्यात येणाऱ्यातूनच जाणारं भागवतो. असं खातं कोणाला उघडता येतं आणि त्यात पैसे किती दिवस ठेवता येतात, हे प्रत्येक देशात वेगळं, म्हणून आधी हिशेबनीसांना विचारून घेतलं.

अनुवादकाची गंमत वेगळीच. त्याचं खातं युरोचं, आम्ही पाठवायचो डॉलर, आणि त्याची बँक तिच्या दरानं युरो करायची. त्याला बिलच युरोत करायला सांगितलं.

शनिवार-रविवार चलनबाजार बंद असतो. त्या दोन दिवसांत दर देणारा सोमवारी दर हलण्याची भीती धरून खरेदी-विक्रीच्या दरांतलं अंतर वाढवून ठेवू शकतो. आमचे पैसे नेमके शनिवारी निघायचे, ते मंगळवारवर आणले. आठवड्याची बिलं महिन्याला एकदा द्यायचंही ठरवलं, पण एक प्रोग्रामर सरळ नाही म्हणाला. त्याचा संसार त्यावर चालतो, आमची फी वाचावी म्हणून त्यानं का थांबायचं? त्याचे पैसे अजून दर आठवड्याला जातात.

मग हुशारी अंगाशी आली. सहा महिन्यांचा दर आधीच बांधून घेणारा फॉरवर्ड करार केला, तोही पूर्ण रकमेचा. तिसऱ्या महिन्यात एक प्रोजेक्ट बंद पडला. डॉलर लागत नव्हते, घेणं मात्र बंधनकारक होतं, आणि दर तोवर उतरलेला. आता ठरलेल्या मासिक मानधनाच्या निम्म्याचाच दर बांधतो, बाकीचं चालू दरानं.

तो रकाना अजून चालू आहे. गेल्या महिन्यात फरक पाऊण टक्का होता. बँकेत जाताना त्याची प्रिंट नेतो. ते म्हणतात, फी माफ करू का? मी म्हणतो, फी राहू द्या, दराचं बोला.