जाणाऱ्या माणसाशी तुम्ही काय बोलता?

कर्करोग खूप पुढे गेलेल्या रुग्णांचं समुपदेशन हे माझं काम. ते कळलं की बरेच जण विचारतात, "औषधंच लागू पडत नाहीत, तर बोलून काय होणार? उगाच मरणाची आठवण कशाला करून द्यायची?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

आठवण करून द्यावी लागतच नाही. अंगावरचे कपडे सैल होतात, भेटायला येणाऱ्यांचे आवाज बदलतात. रुग्णाला बहुतेक वेळा कळलेलं असतं, पण बोलायची सोय नसते. घरच्यांना वाटतं, सांगितलं तर तो खचेल. त्याला वाटतं, मी विषय काढला तर हे खचतील. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांशी अखेरच्या काळाबद्दल बोलणं झालेल्या रुग्णांमध्ये नैराश्य जास्त आढळलं नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या वाट्याला व्हेंटिलेटर आणि अतिदक्षता विभागही कमी आले.

मग आम्ही बोलतो काय? भीती वाटते म्हणणाऱ्याला मी विचारते, नेमकी कशाची? उत्तर क्वचितच नुसतं 'मरणाची' असतं. श्वास कोंडेल का? रात्री कुणी जवळ नसेल तर? धाकट्या मुलीला कोण सांगणार? कर्जाचं काय? यातल्या कितीतरी गोष्टींवर काही करता येतं. धाप आणि वेदना मॉर्फिनने आटोक्यात आणता येतात, हे डॉक्टरांनी नीट समजावलं तरी पुष्कळांना झोप लागते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र) सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी शरीर, मन, नाती, श्रद्धा या सगळ्यांची मिळून एकच वेदना मानली होती. मला ते रोज पटतं.

कॅनडाचे मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव यांच्या पद्धतीत रुग्णाला विचारतात, आयुष्यातलं काय लक्षात राहावं असं वाटतं, कुणाला काय सांगायचं राहिलंय. बोलणं ध्वनिमुद्रित करून, लिहून काढून त्याच्या हाती देतात. २०११ च्या मोठ्या चाचणीत यामुळे मानसिक त्रासाच्या मोजमापात ठळक फरक पडला नाही. तरी रुग्णांनी त्याचा उपयोग झाल्याचं सांगितलं. मला दोन्ही निष्कर्ष महत्त्वाचे वाटतात.

"अशा दुखण्यात उदास वाटणारच" हे वाक्य मात्र मला मान्य नाही. दुःख होणारच, पण नैराश्य हा वेगळा आजार आहे आणि या टप्प्यावरही त्यावर उपचार होतात. कुणी "आता सुटका होऊ दे" म्हणालं, तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. काय सोसवत नाहीये ते विचारा. कधी न थांबणारं दुखणं असतं, कधी आपलं ओझं झाल्याची खंत. शिवाय ही इच्छा दिवसागणिक, कधी तासागणिक बदलते.

खरी अडचण अशी, की आम्हाला फार उशिरा बोलावतात. तोवर रुग्ण गुंगीत असतो किंवा त्याला भ्रम होत असतो. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्यांच्या २०१० मधल्या एका अमेरिकी चाचणीत, निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह केअर (शरीराचा आणि मनाचा त्रास हलका करणारी काळजी) मिळालेल्यांपैकी १६ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये ३८ टक्के. केमोथेरपी चालू असतानाच आम्हाला बोलवा. तेव्हा रुग्णाला स्वतःच्या तोंडाने सांगता येतं.