रस्त्यावरच्या सेवेत सामील होताना: माझा अनुभव

आमच्या ख्रिस्ती मंडळीचं (चर्चचं) एक सेवाकार्य शहराच्या मध्यभागातल्या जुन्या, दाटीच्या वस्तीत चालतं. दुकानांच्या आडोशाला झोपणारे, व्यसनात अडकलेले, तुरुंगातून सुटल्यावर कुणी दारात उभं न केलेले, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, घरच्यांनी तोडलेले तृतीयपंथी यांच्यापर्यंत आमचे लोक जातात. या सेवेत यायचं म्हटलं की लगेच वाटायच्या सामानाची पिशवी हातात मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

आधी अर्ज, मग ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं, गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला आणि शेवटी पाळकसाहेबांशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंशी, बोलणं. काहींना हा अविश्वास वाटतो. पण देवाचं नाव पुढे करून निराधारांचा गैरफायदा घेणारेही असतात, तेव्हा इतकी पारख हवीच. पाळकसाहेबांनी मला एकच प्रश्न विचारला, "वर्षभरात एकानेही येशूबद्दल काही विचारलं नाही, तरी जात राहशील का?" मी विचार करायला वेळ मागून घेतला. प्रार्थना केली, आणि पुढच्या रविवारी हो म्हणून सांगितलं.

प्रशिक्षणाची सुरुवात बायबलमधल्या बार्तीमयापासून झाली. यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेला हा आंधळा माणूस प्रभू येशूला हाका मारतो. त्याला दिसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी प्रभूने त्याला आधी विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. आमचे सगळे नियम या विचारण्यातूनच निघतात. माणूस जिथे झोपतो ते त्याचं घर, म्हणून जवळ बसण्याआधी परवानगी घ्यायची. उभ्याने बोलायचं नाही. एकटं जायचं नाही, रोख पैसे द्यायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, पाळता येणार नाही असा शब्द द्यायचा नाही. प्रार्थना त्याने मागितली तरच करायची. जेवणाच्या बदल्यात गाणं किंवा बायबलचं वचन ऐकवायचं नाही. या शेवटच्या नियमावर आमच्या गटात बरीच चर्चा झाली. मला तो मनापासून पटला, कारण कृपेला अट घातली की ती कृपा राहत नाही.

एका परिचारिकेने घेतलेला तास प्रत्येक मंडळीत व्हावा असं मला वाटतं. वर्षानुवर्षं भरपूर दारू पिणाऱ्याने ती एका दिवसात बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून "आजच सोडून दे, प्रभू बघून घेईल" असं कुणालाही सांगायचं नाही, आधी डॉक्टरांकडे न्यायचं. पायांकडे लक्ष द्यायलाही तिनेच शिकवलं. दिवसचे दिवस पाय ओले राहिले की कातडी सोलते, जखमा चिघळतात. त्यामुळे आमच्या पिशवीत कोरडे मोजे कायम असतात, आणि सगळ्यात जास्त मागणी त्यांनाच असते.

मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती सेवासंस्थेची गोष्टही प्रशिक्षणातच नीट कळली. विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी 1865 मध्ये पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत काम सुरू केलं, एवढं माहीत होतं. पण 1891 मध्ये मुक्तिफौजेने काडेपेट्यांचा कारखाना काढला होता, हे नवीन होतं. तेव्हा काड्यांना लावायच्या पांढऱ्या फॉस्फरसने कामगारांच्या जबड्याची हाडं सडत. मुक्तिफौजेने निर्धोक लाल फॉस्फरस वापरला आणि मजुरीही जास्त दिली. कारखाना दहाएक वर्षंच चालला, पण भुकेल्याला जेवू घालताना तो कशामुळे भुकेला आहे हेही बघायचं, हे मी तिथून घेतलं.

मग जुन्या लोकांबरोबर नुसतं फिरणं. माझ्या गटातल्या ताई या कामात मुरलेल्या. मी पिशवी धरायची आणि नावं लक्षात ठेवायची. एक काका बरेच आठवडे आमच्याशी बोललेच नाहीत. ताई रोज त्यांना नावाने नमस्कार करून पुढे जायच्या. एकदा त्यांनी मोजे मागितले, नंतर कधीतरी ओळखपत्राचं काढलं. कागद चोरीला गेलेले. ओळखपत्राला पत्ता लागतो, आणि भाड्याने खोली घेऊन पत्ता मिळवावा तर ओळखपत्र लागतं. ते नसल्याने बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून नियमित काम नाही. मंडळीने अशांसाठी आपला पत्ता वापरायला दिला आहे आणि त्यांचं टपाल ठेवायला एक कपाट केलं आहे. काकांचा पहिला अर्ज जन्माचा पुरावा नाही म्हणून परत आला. ताईंनी त्यांच्या जुन्या शाळेला पत्र लिहून नोंद मागवली, त्यावर काम झालं. कार्यालयात प्रत्येक वेळी मी शेजारी बसत असे, पण विचारतील त्याची उत्तरं काकाच देत. प्रार्थनेचं त्यांनी अजून नाव काढलेलं नाही, मीही काढत नाही. घरी मात्र रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

आता टपालाचं कपाट माझ्याकडे आलं आहे, आणि पुढच्या गटाला अशा लोकांचे अर्ज लिहायला मीच शिकवणार आहे. महिलांसाठी वेगळी वेळ आणि वेगळी खोली हवी, हा विषय मी समितीपुढे ठेवला आहे, कारण आताच्या गर्दीत त्या येतच नाहीत. तुमच्या मंडळीत असं काम असेल आणि तुम्हाला यायचं असेल, तर गुन्ह्याची नोंद नसल्याच्या दाखल्यासाठी आधीच अर्ज करा. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला.