अणू शिकताना आधी प्रोटॉन मोजा

प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन हे तीन आकडे मुलं एका दमात पाठ करतात आणि मग गोंधळतात. मूलद्रव्य कोणतं, हे एकटे प्रोटॉन ठरवतात. केंद्रकात ११ प्रोटॉन असले की ते सोडिअमच. न्यूट्रॉन कमीजास्त झाले तर समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वस्तुमानाचा अणू) बदलेल, इलेक्ट्रॉन कमीजास्त झाले तर आयन (प्रभार असलेला अणू) होईल, मूलद्रव्य तेच राहील. प्रोटॉनची ही संख्या म्हणजे अणुअंक, आणि कोणतंही उदाहरण तिथूनच सुरू करावं.

सोडिअम-२३ घ्या. प्रोटॉन ११. अणुवस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज, २३; त्यातून ११ वजा केले की न्यूट्रॉन १२. अणू उदासीन, म्हणून इलेक्ट्रॉनही ११, संरूपण, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या कवचांतली त्यांची आतून बाहेर वाटणी, २, ८, १. शेवटचा एक इलेक्ट्रॉन गेला की धन आयन (Na⁺) तयार होतो: प्रोटॉन ११, इलेक्ट्रॉन १०. अधिकचं चिन्ह दिसलं की पुष्कळ जण इथे इलेक्ट्रॉन वाढवून १२ करतात. ऋणप्रभार बाहेर गेला म्हणून धनप्रभार उरला, हे मनाशी घोकून ठेवा.

न्यूट्रॉनची चूक जास्त फसवी आहे. आवर्तसारणीत क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.४५ दिसतं. त्यातून १७ प्रोटॉन वजा केले तर उत्तर १८.४५ येतं, पण न्यूट्रॉनचा तुकडा नसतो. निसर्गात क्लोरीन-३५ साधारण ७६ टक्के आणि क्लोरीन-३७ साधारण २४ टक्के, त्यांची ती सरासरी. आकडा पूर्णांकात आणूनही भागत नाही. ब्रोमीनचं ७९.९० म्हणजे ८० धरलं तर ३५ प्रोटॉन वजा जाता ४५ न्यूट्रॉन येतात, आणि निसर्गातल्या ब्रोमीनच्या अणूत ते ४४ किंवा ४६ असतात. तेव्हा सारणीतला आकडा नको, समस्थानिकाचा अणुवस्तुमानांक पाहा.

(पुस्तकातली आकृती प्रमाणात नसते, हेही सांगायला हवं. केंद्रक १ मिलिमीटरचं काढलं तर अणूचा व्यास १०० मीटरच्या आसपास जाईल.)

आता कवचं. कवचाच्या क्रमांकाच्या वर्गाची दुप्पट, हे सूत्र कमाल संख्या सांगतं: २, ८, १८. भरण्याचा क्रम ते सांगत नाही. म्हणून १९ इलेक्ट्रॉनांचं पोटॅशिअम चुकून २, ८, ९ असं लिहिलं जातं. बरोबर उत्तर २, ८, ८, १. कवचांचे एस, पी, डी असे उपकवच नावाचे भाग असतात; तिसऱ्या कवचातल्या डी उपकवचापेक्षा चौथ्यातलं एस उपकवच इथे कमी ऊर्जेचं असतं, म्हणून एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिकडे जातो. विसावा, म्हणजे कॅल्शिअमचा, तिथेच बसतो. तिसऱ्या कवचाची उरलेली जागा स्कँडिअमपासून भरू लागते.