ठिपका

दर गुरुवारी दुपारी तीनला आमच्याकडे कोर्ट भरायचं. हे नाव आम्हीच पाडलेलं. प्रोटोकॉलच्या फायलीत त्याला 'अ‍ॅडज्युडिकेशन' असं भारदस्त नाव होतं, पण चहा सांगणाऱ्या मामांपासून सगळे कोर्टच म्हणायचे.

मी ऑप्टोमेट्रिस्ट. पंधरा वर्षं चष्म्याचे नंबर काढले, शिबिरांमध्ये बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, 'वर बघा, खाली बघा' म्हणून घसा बसवला. मग पुण्यातल्या एका संशोधन प्रकल्पात ग्रेडर म्हणून लागले. काम ऐकायला सोपं. डोळ्याच्या पडद्याचा फोटो स्क्रीनवर येतो. मधुमेहाने तो किती बिघडलाय ते बघून शून्य ते चार यांपैकी एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काही नाही, चार म्हणजे नव्या, नको असलेल्या रक्तवाहिन्या उगवायला लागल्यात. दिवसाला दोनशे फोटो. खिडक्यांना काळा कागद, एसी, आणि डोळ्यांसमोर एकामागून एक नारिंगी चंद्र. बाहेर पाऊस आहे की ऊन, ते जेवायच्या सुट्टीत कळायचं.

या आकड्यांवर मशीन, म्हणजे असे फोटो स्वतःच वाचून आकडा देणारा एआय, शिकतं. २०१६ साली गूगलच्या गटाचा जो शोधनिबंध गाजला, त्यात १,२८,१७५ फोटो आणि ५४ डॉक्टर होते. फोटो अमेरिकेतले, आणि आपल्याकडच्या तीन रुग्णालयांतले: अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय. एकेक फोटो तीन ते सात जणांना दाखवला होता. हा खर्च कशासाठी, तर एकाचं दुसऱ्याशी पटत नाही म्हणून. आणि एकाचं स्वतःशीही पटत नाही. आमच्या दोनशेमध्ये आदल्या आठवड्यातले काही फोटो गुपचूप परत मिसळलेले असायचे. सोमवारी ज्याला एक दिला, त्यालाच शुक्रवारी दोन दिलाय का, हे बघायला. पहिल्या महिन्याचा माझा कागद हातात आला तेव्हा मी तो घडी घालून पर्सच्या तळाशी ठेवला. घरी कुणाला दाखवला नाही.

तर त्या गुरुवारी कोर्टात नेहमीपेक्षा जास्त खटले होते. तीन ग्रेडरांचं आपसात जमलं नाही किंवा तिघांचं मशीनशी जमलं नाही, असे फोटो इंजिनिअर पोरगा यादी करून आणायचा. एरवी पंधरा-वीस असतात. त्या दिवशी साठच्या वर. आणि त्यातले जवळजवळ सगळे एकाच शिबिरातले, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे.

"ताई, इथे तुमचा एक आहे, यांचा शून्य आहे, असं सलग चाललंय," तो म्हणाला. 'यांचा' म्हणजे माझ्या शेजारच्या सहकाऱ्याचा.

मी एक दिला होता कारण मला एक बारीक, गोल, गडद ठिपका दिसला होता. पडद्यावरच्या केशवाहिनीला फुगवटा आला की असाच ठिपका दिसतो. पूर्ण नाव मायक्रोअ‍ॅन्युरिझम, आम्ही एमए म्हणतो. मधुमेहाची पडद्यावरची पहिली खूण तीच. एक जरी सापडला तरी शून्याचा एक होतो. मी मनातून खूशच होते. इतका बारीक ठिपका आपल्याला दिसला!

आमचे सर, म्हणजे रेटिनाचे सर्जन, पानं उलटावीत तसे फोटो पुढे ढकलत होते. आठव्या-नवव्या फोटोला थांबले. "उजवा डोळा," म्हणाले. पुढचा. "डावा." पुन्हा मागे. "उजवा. डिस्क या बाजूची त्या बाजूला गेली. तुमचा ठिपका कुठे आहे, मॅडम?"

डिस्क म्हणजे डोळ्याची नस पडद्यात शिरते ती फिकट पिवळी चकती. उजव्या डोळ्याच्या फोटोत ती उजवीकडे दिसते, डाव्या डोळ्याच्या फोटोत डावीकडे. चकती इकडची तिकडे उड्या मारत होती आणि माझा ठिपका स्क्रीनवर आपल्या जागी ढिम्म बसला होता. माणूस बदलला, डोळा बदलला, तरी हा तिथेच.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसलेला धुळीचा कण.

खात्री करायची एक साधी युक्ती आहे, ती मला माहीत होती आणि मी वापरली नव्हती. फोटोतला हिरवा रंग तेवढा ठेवला की रक्ताचं सगळं काळं दिसतं. ग्रेडिंग करताना आम्ही बहुतेक वेळ त्याच हिरव्या फिल्टरमध्ये असतो. पण त्यात धूळही काळीच दिसते. मग लाल रंग तेवढा ठेवायचा. रक्त लाल प्रकाश फारसा शोषत नाही, त्यामुळे एमए फिका पडून पडद्यात विरतो. धूळ मात्र तिथेही काळीच राहते. सरांनी कळ दाबली. ठिपका काजळासारखा काळा.

सहकाऱ्याने माझ्याकडे बघितलंही नाही, हा त्याचा मोठेपणा. त्याने धूळ पहिल्याच दिवशी ओळखली होती. फक्त कुणाला सांगितली नव्हती, हा मोठेपणा नव्हे.

मशीननेही माझ्यासारखंच केलं होतं, म्हणजे त्या ठिपक्याला सौम्य बिघाड धरलं होतं. कुठून शिकलं असेल, ते उघड होतं. इंजिनिअरचा चेहरा पडला. त्या कॅमेऱ्याचे आधीचे किती फोटो शिकवणीत गेलेत, याचा हिशोब त्याच्या डोक्यात सुरू झाला असणार. मग आम्ही भराभर निकाल द्यायला लागलो. धूळ, शून्य. धूळ, शून्य. धूळ, शून्य. तासाभरात चाळीसेक खटले निकालात निघाले. चहा आला. सगळ्यांचा मूड सुधारला.

पन्नासच्या पुढच्या कुठल्यातरी फोटोला पोरगा अडला. "इथे मशीन चार म्हणतंय. खात्री नव्वद टक्क्यांच्या वर."

"आणि आपण?"

"ताईंचा एक, यांचा शून्य, तिसऱ्यांचा 'फोटो नीट नाही'."

फोटो खरंच नीट नव्हता. थोडा धूसर, एका कडेला पांढरी झळक, डिस्क जवळजवळ काठाला टेकलेली. ठिपका आपल्या जागी. मी म्हटलं, "धुळीने पार बिथरलंय ते. एक म्हणायचं, तर चार म्हणतंय." सगळे हसले. पोराने मशीनचा हीटमॅप लावला, म्हणजे मशीनने कुठे बघून उत्तर दिलं, ते रंगात दाखवणारं चित्र. ठिपक्यावर काहीच नव्हतं. सगळा लाल डाग डिस्कवर. पण हीटमॅपवर आमचा फारसा विश्वास नव्हता. डिस्क चकचकीत असते, तिच्यावर तो उगाचच पेटतो, हे आम्ही शंभरदा पाहिलेलं. सहकारी म्हणाला, "मशीन भित्रं आहे."

"भित्रं असलेलं बरं," सर म्हणाले. मुंबईत २०१८ साली महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या एआयने मधुमेहींचे पडदे तपासले होते, त्याची आठवण त्यांनी काढली. २१३ जणांचा अभ्यास. पुढे पाठवण्याजोगे जे होते ते एकूण एक पकडले गेले. आणि ज्यांना पाठवायची गरज नव्हती त्यांतल्याही शंभरातल्या अकरा-बारांना मशीनने पाठवलं. "त्या अकरा-बारांचा एक दिवस फुकट गेला. मान्य. पण उलटं झालं असतं तर?" बोलता बोलता त्यांनी डिस्क मोठी केली, आणखी मोठी केली, हिरवा फिल्टर लावला आणि बोलायचे थांबले.

नेहमीच्या रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या असतात. जाडीकडून बारीककडे, शिस्तीत. इथे डिस्कच्या वरच्या काठावर शेवाळाचे केस असावेत तसं काहीतरी होतं. अतिशय बारीक, वेटोळी घेणारं, खालच्या मोठ्या वाहिनीला ओलांडून जाणारं. पुन्हा आपल्यातच वळून येणारं. आजूबाजूचा पडदा मात्र विलक्षण स्वच्छ. एवढ्या बिघाडात रक्ताचे ठिपके, डाग भरपूर दिसायला हवेत, एकही नाही. सर म्हणाले, "रक्तच पोचत नाहीये, तर ते सांडणार कुठून? पडदा सुकलाय." आणि मग दिसायला लागलं की बाहेरच्या बारीक वाहिन्या दोऱ्यासारख्या, पांढरट झाल्यात. स्वच्छ पडदा म्हणून आम्ही तिघं त्याच्यावरून निघून गेलो होतो. मी तर ठिपका सापडल्याच्या आनंदात.

चार. निकाल पाच मिनिटांत लागला.

एरवी खटला तिथे संपतो. आकडा बदलायचा, पुढचा फोटो. पण सरांनी विचारलं, "हा फोटो कधीचा?"

पाच महिन्यांपूर्वीचा.

असा डोळा असलेल्या माणसाला बऱ्याचदा काहीच जाणवत नसतं. सुईत दोरा ओवता येतो, एसटीची पाटी वाचता येते. मग एखाद्या सकाळी त्या नाजूक वाहिनीतून डोळ्यात रक्त उतरतं आणि कोळ्याचं जाळं आल्यासारखं होतं. त्याआधी लेसर झाला तर गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्यावर येतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९७०च्या दशकातच दाखवलंय. म्हणजे इलाज माहीत, वेळ आहे की नाही माहीत नाही, आणि माणूस कोण ते मुळातच माहीत नाही. कारण आमच्यापर्यंत फोटो येतो तो नाव, गाव, वय सगळं कापून. वर फक्त एक लांबलचक आकडा. गोपनीयतेसाठी ते हवंच, मी स्वतः त्या फॉर्मवर सही केलेली आहे.

मला तर हा डोळा बाईचा की पुरुषाचा, तेही सांगता येत नव्हतं. कुठल्याही डॉक्टरला येत नाही. गंमत म्हणजे मशीनला येतं. २०१८ साली गूगलच्याच एका अभ्यासात नुसत्या पडद्याच्या फोटोवरून मशीनने स्त्री की पुरुष ते ओळखलं होतं, आणि वयही सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने. आमचं मशीन ते शिकलेलं नव्हतं. शिकलेलं असतं तरी काय, 'साधारण छप्पन्न, पुरुष' एवढ्यावर सोलापूर जिल्ह्यात कुणाला हाक मारणार?

आकड्याची आणि नावांची जोडयादी प्रकल्पप्रमुखांच्या कपाटात असते. ती उघडायला कारण लिहून द्यावं लागतं, नैतिकता समितीला कळवावं लागतं. संमतीपत्रात एक ओळ होती: 'तपासणीत गंभीर काही आढळल्यास मला कळवावे', पुढे हो-नाहीच्या चौकटी. शिबिराच्या गर्दीत ही ओळ किती जणांना कुणी वाचून दाखवली असेल, याबद्दल मी शिबिरं केलेली असल्यामुळे मला शंका होती. सरांनी तिथेच बसून पत्र लिहिलं. सहा वाजून गेले होते. उरलेले दहा-बारा खटले आम्ही पुन्हा पहिल्यापासून बघितले, आणि आधीचे 'धूळ, शून्य' म्हणून निकाली काढलेले चाळीसही. दुसरा कुणी निघाला नाही. मी घरी पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि डोळे मिटले तरी नारिंगी चंद्र जात नव्हते.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. म्हणजे जेवढं कळायला परवानगी होती तेवढंच. कोऑर्डिनेटर बाईंना मी दुसऱ्या दिवशी विचारलं, "चौकट 'हो' आहे ना?" त्यांनी नुसती मान हलवली. मंगळवारी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नंबर बंद येतोय." शुक्रवारी म्हणाल्या, "आशाताईंमार्फत निरोप पोचवलाय." त्यानंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही ग्रेडर आहात ना? मग नका विचारू." बरोबर होतं त्यांचं. मला राग आला, पण बरोबर होतं.

कॅमेऱ्याचा सेन्सर साफ होऊन आला. त्या कॅमेऱ्याचे सगळे जुने फोटो शिकवणीतून बाहेर काढले. मशीन पुन्हा शिकवलं. लाल फिल्टर आता आम्ही सक्तीचा केलाय. दर पन्नास फोटोंमागे एकदा स्क्रीन आपोआप लाल होते. सहकारी त्याला माझ्या नावाने ओळखतो. काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

फेब्रुवारीत रुग्णालयाच्या ओपीडीतले फोटो नव्या गठ्ठ्यात आले. नवे आकडे, पुन्हा कापलेली नावं. एका दुपारी जेवणानंतरच्या पेंगेत एक डोळा समोर आला आणि मी सरळ बसले. डिस्कच्या वरच्या काठाला शेवाळ नव्हतं. पुसट पांढरा धागा तेवढा उरलेला. पण खालची जी मोठी वाहिनी आहे, तिला डिस्कमधून बाहेर पडता पडता एक गाठीसारखं वळण आहे, आणि तिथून ती इंग्रजी वाय सारखी दुभंगते. बोटांच्या ठशांसारखं हे जाळंही प्रत्येकाचं वेगळं असतं. त्या गुरुवारी मी या वळणाकडे अर्धा तास बघत होते. पडद्यावर चहूबाजूंना, मधला भाग सोडून, लेसरच्या खुणा होत्या. ओळीने, काळसर-पांढऱ्या, ज्वारीचे दाणे पसरावेत तशा. ठिपक्याच्या जागी काही नव्हतं.

लेसर झालेले डोळे आम्ही मशीनला शिकवायला घेत नाही. प्रोटोकॉलप्रमाणे खाली एक चौकट असते, 'उपचार झालेला, वगळा'.

मी ती चौकट टिचकी मारून भरली आणि पुढचा फोटो घेतला.