पहाटे दोन ते सहा

गुरुवार, रात्री. फोंडा.

आज दादा-वैनी म्हापशाहून आली होती. जेवणं उरकल्यावर आम्ही दोघी मागल्या दारी बसलो. पाऊस नुसता कोसळत होता. इकडचं तिकडचं बोलता बोलता वैनी एकदम म्हणाली, "तुला पहाटे जाग येते गो?"

"येते."

"मलाही. दोन वाजले की डोळे टक्क उघडे."

मे २०२१ मध्ये गोव्यात ज्यांनी कोविड होऊन इस्पितळात रात्री काढल्या, त्यांना या वेळेबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान ऑक्सिजन कमी पडून माणसं दगावत असल्याचं प्रकरण तेव्हा उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. त्या बातम्या आम्हाला खाटेवर पडल्या पडल्या मोबाइलवर दिसायच्या. झोप कुठली लागणार? मी भिंतीवरच्या बाटलीतल्या पाण्याकडे बघत राहायचे. बुडबुडे येतायत म्हणजे ऑक्सिजन येतोय. शेजारच्या खाटेवरची म्हातारी विचारायची, "बाय, माझ्या बाटलीत येतायत मगो?" मी मान वर करून बघायचे आणि सांगायचे, येतायत. एका संध्याकाळी तिला दुसरीकडे हलवलं. पुढचं कुणाला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

मग मी घरी आले. देवीची ओटी भरली, शेजाऱ्यांना पेढे वाटले आणि मी 'बरी' झाले. "सुटलीस बाई, आणखी काय हवं?" असं सगळे मायेनंच म्हणत. पण त्यानंतर भीतीबद्दल बोलायला तोंडच उघडत नाही. वाचलेल्या माणसानं पुन्हा तक्रार कशी करायची?

सगळ्यात छळते ती धाप. जिना चढले की लागते. फुप्फुसं अजून थकलेली आहेत म्हणून, की मी घाबरले म्हणून? भीतीनंही छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हाताला मुंग्या येतात. आजाराच्या आणि भीतीच्या खुणा इतक्या सारख्या, की आपल्याच शरीराचा भरवसा वाटेनासा होतो. मग ऑक्सिमीटर काढायचा. ९७ दिसला की हायसं वाटतं, आणि पाच मिनिटांत शंका येते, बोट गार होतं म्हणून आकडा चुकला असेल का? बोट चोळायचं, पुन्हा लावायचं. वैनीनं आज पर्स उघडून दाखवली. आत तेच यंत्र, दोरी कळकटलेली. दादाला अजून ठाऊक नाही.

एप्रिल २०२१ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. कोविड होऊन गेलेल्या २ लाख ३६ हजारांवर लोकांच्या नोंदी, बहुतेक अमेरिकेतल्या. सहा महिन्यांत साधारण १७ टक्के लोकांच्या नोंदीत चिंताविकार होता. काहींना तो आधीपासून होता, हे खरं. पण फ्लू होऊन गेलेल्यांपेक्षा कोविडवाल्यांमध्ये प्रमाण जास्तच निघालं. हे मी वैनीला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी भित्री नव्हे."

नव्हेच. खोकला मागे राहतो तशी ही भीती मागे राहिलीय, आणि तिच्यावर उपचार आहेत. छातीचा एक्स-रे काढायला कुणी लाजत नाही. पण बांबोळीच्या मनोविकार संस्थेचं नाव काढलं की घरात आवाज खाली येतो. हे मला फार खुपतं. इतक्या जवळ डॉक्टर असून माणसं वर्षानुवर्षं एकटीच अंधारात डोळे उघडे ठेवून पडतात.

आधी फोनवर बोलून बघू, असं ठरलं. १४४१६, टेली-मानस. मनाच्या त्रासासाठीची ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. "तू लाव, मी शेजारी बसते," वैनी म्हणाली. मी लावला. मी बोलून झाल्यावर तिनं स्वतःच फोन हातात घेतला आणि माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलली.

सोमवारी बांबोळीला जायचं आहे. गाडी दादा चालवणार, तेव्हा जायचं कशाला हे वैनी त्याला आज घरी गेल्यावरच सांगणार आहे.